पसाभर कोंड्याचं नाव

आधी आल्या सालूबाई, मागून त्यांची सून. सायखेड्याला आमची भिंतीला भिंत होती, आता आम्ही नाशकात. गप्पांत चहात साखर घालायचीच राहिली. माझ्या नातीनं आपल्या लग्नपत्रिकेचा नमुना वाचून दाखवला.

"कैलास? ह्यो कोण हाय?" सालूबाईंनी विचारलं.

माझा मुलगा, नवरीचा बाप, म्हणाला, "मीच, मावशी. व्याही मोठे लोक, कोंडाजी नाव बरं दिसत नाही."

"पसाभर कोंडा देऊन मी तुला इकत घेतलंय. मला न इचारता नाव बदलतो का रे?"

तो हसला. मला मात्र रडू आलं. पंचाहत्तर साली हा झाला, त्याआधी माझी दोन लेकरं गेली होती. म्हणून सालूबाईंनी हा विकत घेतला आणि "माझं पोर सांभाळ" म्हणत परत माझ्याच मांडीवर दिला. मरणाला वाटावं, हिला पोरच नाही. त्या गेलेल्या लेकरांचं त्याला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

त्यानं उठून छापखान्याला फोन केला, "कोंडाजीच छापा."

बायांनो, तुमचं नाव कुणी, कशापायी ठेवलं, घरी विचारलंय का?

सालूबाई गुरुवारी परत येणार आहेत, पहिली पत्रिका न्यायला.