हुकमाचा नमस्कार

"ह्याला देऊळ वाटलं बघा."

विमानाचा कॅप्टन शिडीवरून ओरडला आणि गोदामातले सगळे हसले. मुंबईच्या विमानतळावर, मालाच्या गोदामात हमाल म्हणून माझा पहिला दिवस. खांद्यावर खोकं. मालवाहू विमानाच्या शिडीखाली मी चपला काढल्या होत्या. दाराला हात लावून कपाळाला लावला होता. आम्ही रेवदंड्याचे कोळी. होडीत चपला घालून आमच्यात कुणी चढत नाही. ती आमचं पोट भरते. मला वाटलं, आता ते हे विमान भरणार.

"पाय पण धुऊन ये," कॅप्टन म्हणाला. "मासळीचा वास लागेल."

त्या दिवसापासून तो खेळच झाला. पाहुणे आले की हाक यायची, "कोळ्या, दाखव रे नमस्कार." मी दाखवायचो. मला विमान चालवायला शिकायचं होतं. फ्लाइंग क्लबात शिरायला वशिला लागायचा, आणि कॅप्टननं शब्द टाकतो म्हणून सांगितलं होतं. मॅट्रिक झालेला मी, त्या शब्दापायी वर्षभर वाकलो. आतून जळत होतो.

एकदा बापूस भेटायला आला. कुंपणापाशी उभा होता. नेमकी तेव्हाच हाक आली. बापसानं मला वाकताना पाहिलं, लोकांना हसताना पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"पुन्हा एकदा," कॅप्टन म्हणाला. "ह्यांनी नीट पाहिलं नाही."

"न्हाय करणार."

"मग क्लब विसर."

"विसरलो."

नोकरी त्याच दिवशी गेली. रस्त्यात बापूस एवढंच म्हणाला, "होडी इकू. पण तू शिक." होडी विकली. म्हातारपणी बापूस दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. मी दुसऱ्या गावच्या क्लबात शिकलो, परवाना काढला, मालवाहू विमानावर वैमानिक म्हणून लागलो.

गेल्या महिन्यात तोच कॅप्टन, आता आमच्या कंपनीत मोठा साहेब, माझ्या विमानातून जायला चढला. हमाल माल चढवत होते. त्यांच्यादेखत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कोळ्या, आज नमस्कार केलास का रे?"

हमाल माझ्याकडे बघत राहिले.

"साहेब, खाली उतरा," मी म्हणालो.

तो हसला. मग हसायचा थांबला. "नोकरी जाईल," म्हणाला.

जाऊ दे. ह्या विमानाचा कॅप्टन मी आहे. वाकायचं तेव्हा माझ्या मनानं वाकेन. तो उतरेस्तोवर मी इंजिनाला हात लावला नाही. उद्या दुसरा कुणी हुकमानं वाकवायला आला, तर तोही उतरेल.