वेफर्सच्या पाकिटावर बाबांचा फोटो

आणि वर दादाच मला म्हणतो, तू सुरतेत साड्यांच्या घड्या घालतोस, तुला पाकिटातलं काय कळतं.

तर मंडळी, आमच्या गावच्या दुकानातल्या केळी वेफर्सचं पाकीट आज इथल्या सुरतेतल्या लिंबायतच्या डिझाईनवाल्याने दाखवलं. दादाने फोनवर सांगितलं तसंच केलं होतं त्याने. सोनेरी वेलबुट्टी, मध्ये गोलात बाबांचा फोटो, भोवती फुलं.

मी म्हटलं, "भाई, खाली भावपूर्ण श्रद्धांजली राहिलं."

तो म्हणाला, "लिखवाना है तो एक्स्ट्रा लगेगा."

दादाला पाठवलं तर म्हणे, "लय भारी." म्हटलं, बाबांना दाखव. बाबा कढईपाशीच होते. फोनवर त्यांचा आवाज आला, "मला मारायच्या आधी वेफर्स मऊ पडतात त्याचं बघा रे."

घरात अक्कल तेवढी त्यांनाच. रबर लावलेल्या पिशवीतले वेफर्स गिऱ्हाईक रोज परत आणून तोंडावर टाकतं, आणि आमच्या शहाण्याला सोनेरी रंग पाहिजे.

गिऱ्हाईक फोटो खातं का? तुम्हीच सांगा त्याला, माझं ऐकत नाही.

दादा, साध्या जाड पिशव्या घे, दुकानाच्या नावाचं एकरंगी स्टिकर, आणि पिशवीचं तोंड चिकटवायचं हातमशीन. फोटोला एक रुपया मिळणार नाही. पिशव्या आणि मशीनसाठी पाठवतोय, अडीच हजार.