वीस ग्रॅम कमी

मेहुण्याच्या गॅरेजात सगळे त्याला घुम्या म्हणत. मेहुणा तेवढा ‘दाजी’ म्हणे, तेही बहीण गेल्यावर नातं उरलंय की नाही याची खात्री नसल्यासारखं, दबक्या आवाजात. घुम्याचं काम एकच, वेगाच्या गाड्यांच्या चाकांचं बॅलन्सिंग. हे टायर रुंद, कडक आणि महानखरेल. साध्या टायरला जे खपतं ते यांना खपत नाही. चाकाचा तोल जरा जरी ढळलेला असला, तर वेगाचा काटा शंभराकडे सरकला की स्टेअरिंग थरथरू लागतं. म्हणून चाक यंत्रावर फिरवायचं, हलकी बाजू शोधायची, तिथे रिमच्या आत वजनाची पट्टी चिकटवायची आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर फेरी मारायची.

फेरीत गिऱ्हाइकं फोनमध्ये डोकं खुपसून बसत. एकदा आलेल्या भूलतज्ज्ञ बाई मात्र बोलल्या.

“लोक माझ्याशी दोन मिनिटं बोलतात आणि झोपी जातात. जागे झाले की आभार मानतात ते सर्जनचे.”

घुम्याला हसू फुटलं. आपलं हसणं त्यालाच परकं वाटलं. मग तोही बोलून गेला, “मी घरी गेलो की आधी कुकर लावतो. भूक नसली तरी. शिट्टी झाली की कुणी हाक मारल्यासारखं वाटतं.”

बाई हसल्या नाहीत. नुसतं “हं” म्हणाल्या. ते “हं” त्याला पुरलं नाही.

गॅरेजात परतल्यावर ‘एकदा बघून घेतो’ म्हणत त्याने गाडी वर उचलली आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतली पट्टी नखाने उचकटून खिशात टाकली. वीस ग्रॅम. एवढ्याने चाक निखळत नाही. माणूस तेवढा परत येतो.

आठवड्याने बाई आल्या, स्टेअरिंग थरथरतंय म्हणत.

“दाजी, तुमच्या हातून सुटलं?” मेहुणा म्हणाला. “आता सूर्य पश्चिमेला उगवायचा.”

घुम्या खाली मान घालून नट सोडत राहिला. बाई स्टुलावर बसून तळहात चोळत होत्या.

“आज गप्प?” त्याने विचारलं. आठवडाभर त्याने दुसरंच काहीतरी बोलायचं घोळवलं होतं.

“मुंग्या जात नाहीत हो हाताच्या. हॉस्पिटल हायवेच्या पार टोकाला. आज एका आजोबांना पाठीत सुई द्यायची होती, बोटांचा भरवसाच वाटेना. बिचारे पाठ उघडी टाकून कुडकुडत बसले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरना बोलावलं.”

घुम्याने सोडलेला नट बाजूला ठेवला. मग त्याने चारही चाकं उतरवली. एकेक यंत्रावर चढवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. आकडा शून्यावर आला तरी पुन्हा फिरवलं. मेहुणा घड्याळाकडे पाहत येरझाऱ्या घालत होता.

फेरीत काटा शंभर ओलांडून गेला. स्टेअरिंग त्याच्या हातात गाढ झोपलेल्या माणसाच्या मनगटासारखं पडून राहिलं. बाईंनी स्टेअरिंगवर एक बोट टेकवून पाहिलं.

“मागच्या वेळी काय राहिलं होतं?”

“वीस ग्रॅम.”

“एवढ्याशानं?”

“एवढ्याशानंच होतं.”

“म्हणजे आता टायर झिजेपर्यंत तुमची-आमची गाठ नाही,” बाई समाधानाने म्हणाल्या.

“नाही,” घुम्या म्हणाला. पुढच्या वळणावरून तो परतीच्या रस्त्याला लागला आणि त्याने वेग कमी केला. मागून हॉर्न वाजू लागले. त्याने वाजू दिले.