कोरड्या पायांची जागा

जवळजवळ आंधळा झालेला माणूस पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी, आपल्याला कोणी कामावर घेणार नाही हे पुरते ठाऊक असताना, वर्षानुवर्षे मार्चच्या पहिल्या सोमवारी येऊन का उभा राहत होता? लहानू मेश्रामच्या आयुष्याविषयी जे कळू शकले त्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. त्याच्या बहिणीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्यालेच विचारा." त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सवय." ते उत्तर नव्हते हे त्यालाही कळत असावे. प्रश्न उरला तो उरलाच. त्यामागची हकीकत तेवढी सांगता येते.

शारदा जलतरण मंडळाचा तलाव सिव्हिल लाइन्सच्या कडेला होता. मार्चमध्ये तो भरला जाई आणि जून उजाडला की रिकामा केला जाई. नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढे तीन महिने शहरातल्या वकील-डॉक्टरांची कुटुंबे तिथे पाण्यात पडून असत. त्यांना सांभाळण्यासाठी आठ-दहा माणसे हंगामापुरती घेतली जात. मंडळाच्या कागदोपत्री ती 'जीवरक्षक' होती. इंदोरा-जरीपटक्याकडे, जिथून त्यांतली बहुतेक येत, त्यांना नुसते तलाववाले म्हणत. पाण्यात पडणाऱ्याला काढणे हे त्यांचे दाखवण्याचे काम. न दिसणारे काम पहाटेचे होते. ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळायला मंडळाजवळ यंत्र नव्हते, माणसे होती. पावडर फेकायची आणि उड्या टाकून, हातपाय मारून ती ढवळायची. सभासद येईपर्यंत पाणी निळे दिसू लागे आणि तलाववाल्यांचे डोळे लाल.

या सगळ्यांवर एक पर्यवेक्षक असे. तो पाण्यात उतरत नसे. त्याच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. हंगाम संपला तरी त्याची नोकरी संपत नसे; पावसाळा-हिवाळा तो मंडळाची इमारत आणि बाग सांभाळी. तलावावरची बारमाही जागा ती एकच. आणि कामावर कोण येणार हे ठरवण्याची रीतही त्याच्याच हाती होती. मार्चच्या पहिल्या सोमवारी इच्छुक फाटकाबाहेर रांगेत उभे राहत. पर्यवेक्षक बाहेर येऊन एकेकाकडे बोट करी. बोट झाले तो आत. न झाले तो परत जाई. कारण विचारण्याची पद्धत नव्हती.

लहानू या फाटकातून त्रेसष्ट सालापासून दर वर्षी आत गेला होता. कामठीला कन्हानच्या डोहात तो पोहायला शिकला. छप्पन साली बापाबरोबर पांढरा सदरा घालून दीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याला मिसरूड फुटत होते. हिवाळ्यात तो संत्र्याच्या पेट्या ठोके, उन्हाळ्यात तलावावर येई आणि मधल्या महिन्यांत मिळेल ते करी. धाकटी बहीण कौसल्या हिचे लग्न झाल्यावर तिचा नवरा देवाजी यालाही त्यानेच कन्हानच्या त्याच डोहात बुडी मारायला शिकवून तलावावर आणले. देवाजी त्याला भर रांगेत "साळेबुवा" म्हणे आणि लहानू त्याला "जवाई, पानी पी, लय बोलतं" म्हणून पाण्यात ढकली.

एकाहत्तरचा हंगाम संपताना लहानूला डाव्या डोळ्याच्या कडेला धूर दिसू लागला. त्याने ते कोणाला सांगितले नाही. त्याच सुमारास जुना पर्यवेक्षक वारला. लहानूने मनाशी हिशेब केला: अजून एक-दोन उन्हाळे हे पाणी डोळ्यांत गेले तर तो कोणत्याच कामाचा उरणार नव्हता, आणि पाण्याबाहेर राहून तलावावर टिकण्याची जागा एकच होती. ती त्याने मागितली.

मंडळाचे चिटणीस महादेवराव हे वकील होते. निवड कशी करावी याची त्यांना मनापासून चिंता होती, आणि ती त्यांनी कार्यकारिणीपुढे पद्धतशीर मांडली. बाहेरचा माणूस आणावा तर त्याला पाण्याचे काही कळत नाही. तलाववाल्यांतून घ्यावा तर तो त्यांच्याच ताटात जेवलेला. उद्या त्यांच्यावर हात कसा उगारणार? तिसरी अडचण त्यांनी मांडली नाही, कारण ती सर्वांना कळत होती. पर्यवेक्षकाला शिट्टी वाजवून सभासदांना, त्यांच्या सुनांना, पाण्याबाहेर बोलवावे लागते. बुडताना लहानूचा हात कोणालाही चालत असे. त्याच हाताने केलेली खूण मानून बाहेर येणे, ही वेगळी गोष्ट होती.

फेब्रुवारी बाहत्तरमध्ये लहानूला आत बोलावले. महादेवराव प्रेमाने बोलले.

"बस रे लहानू. तुझं काम आम्हाला माहीत आहे. पण पर्यवेक्षक म्हणजे काय, सांग बरं?"

"लक्ष ठेवनं, साहेब."

"लक्ष तर कुत्रंही ठेवतं. पर्यवेक्षक म्हणजे निर्णय. आता समज, यंदा एक माणूस कमी करायचा आहे. तू त्या जागेवर असतास, तर कोणाला कमी केलं असतंस?"

लहानू विचारात पडला. ही परीक्षा आहे हे त्याने ओळखले. परीक्षा कशाची, तेवढे त्याला ओळखता आले नाही. आपल्या माणसांची बाजू घेशील, हाच आपल्यावरचा आक्षेप असणार, असे त्याला वाटले. मग त्याचे खंडन एकाच उत्तराने होत होते. शिवाय एकदा जागा मिळाली की फाटकाबाहेर बोट करणारा तोच होता. आज तोंडाने वगळलेल्याला सोमवारी बोटाने आत घ्यायला कितीसा वेळ लागतो?

"देवाजी," तो म्हणाला. "माहा जवाई हाय. पण डुटीवर झोपते."

देवाजी डुटीवर झोपत नसे.

महादेवराव खूश झाले. "शाबास," असे म्हणून त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला. लहानू सायकलवर बसून सीताबर्डीपर्यंत आला आणि तिथे उतरून, कारण नसताना, कॅनव्हासच्या बुटांची दुकाने बघत चालत राहिला.

जागेची नेमणूक त्याआधीच झालेली होती. महादेवरावांच्या गावचा, चित्रपटगृहाच्या दारावर तिकिटे फाडणारा मारोतराव नावाचा माणूस त्यांनी जानेवारीतच नक्की केला होता. त्याला पोहता येत नव्हते. मात्र एक माणूस खरोखरच कमी करायचा होता, आणि तो कोणता, हे तलाववाल्यांपैकीच कोणी सांगितले तर बोभाटा होणार नाही, एवढ्यासाठी ती मुलाखत होती.

सोमवारी फाटक उघडले. पांढऱ्या बुटांत मारोतराव बाहेर आला तेव्हा रांगेत कोणी तरी हसले. लहानू हसला नाही. मारोतरावाने बोट करायला सुरुवात केली. लहानूकडे बोट झाले. रांग संपत आली, उरला देवाजी. मारोतरावाने बोट खिशात घातले.

"मालक, मी राहिलो ना," देवाजी म्हणाला.

"तू नाही."

"काहून? मी काय केलं?"

कारण विचारण्याची पद्धत नव्हती. पण मारोतराव नवा होता आणि त्याला रांगेपुढे आपले वजन दाखवायचे होते. "मले काय विचारतं बे? तुह्या साळ्यानंच सांगतलं साहेबाले, याले काढा म्हणून. झोपतं म्हने तू."

देवाजी मोठ्याने हसला. ही साळेबुवाची थट्टा आहे असेच त्याला वाटले. "काय वं लहानूबाई," तो बायकी आवाज काढून म्हणाला, "घरचं भांडन दरवाज्यावर आनलं का?" रांग हसली. मग देवाजीने लहानूच्या तोंडाकडे पाहिले आणि हळूहळू त्याचे हसू उतरले.

लहानूला त्या क्षणी दोन वाटा होत्या. तो बाहेर पडू शकत होता. तो आत गेला.

संध्याकाळी कौसल्या त्याच्या घरी आली. बसली नाही. पदर खोचलेला तसाच.

"भाऊ, दुसऱ्या कोनाचं नाव नव्हतं का गा तुह्या तोंडात?"

"कौसल्ये, मले वाटलं परीक्षा घेऊन राहिले. आपल्याच मानसाचं नाव घेतलं तं त्यायले भरोसा वाटंल. अन् मीच सुपरवायझर झालो असतो तं पह्यलं बोट त्याच्याकडंच केलं असतं."

"झाला का सुपरवायझर?"

त्याने तिच्याकडे पाट सरकवला.

"माह्या नवऱ्याले तू विकलं असतं तं मी समजली असती," ती म्हणाली. "गरिबी हाय, विकते मानूस. पन विकलं तं काही तरी येते ना हातात. तू तं फुकट देऊन आला. वरून च्या पिऊन आला."

चहाची गोष्ट तिला कुठून कळली, हे लहानूने विचारले नाही. ती जी गेली ती त्याच्या उंबऱ्यावर पुन्हा आली नाही.

त्या उन्हाळ्यात पहाटेच्या पाण्यात एक माणूस कमी होता, म्हणून उरलेल्यांना जास्त वेळ ढवळावे लागे. मे महिना लागेपर्यंत धूर उजव्या डोळ्यातही उतरला. तलाववाल्यांपैकी कोणी लहानूशी बोलत नव्हते, त्यामुळे हे कोणाला कळायचेही कारण नव्हते. मारोतरावाला कळले. ज्याला पोहता येत नाही त्याला दुसऱ्याची उणीव शोधायला भरपूर वेळ असतो.

सभासदांना कपड्यांच्या कपाटासाठी क्रमांकाचा पितळी बिल्ला मिळे. तो पाण्यात पडला की बुडी मारून काढून देणे हे तलाववाल्यांचे नेहमीचे काम होते. एका रविवारी, काठावर सगळी कुटुंबे बसलेली असताना, मारोतरावाने असा एक बिल्ला सर्वांना दाखवला आणि खोल पाण्यात टाकला.

"लहानू, काढ गा. साहेबलोकाले दाखव तुही कन्हानची बुडी."

पाणी स्वच्छ होते. तळाशी पडलेला बिल्ला काठावरच्या पोरांनाही दिसत होता. लहानू बुडाला, तळ चाचपडत गेला, रिकामा वर आला. पुन्हा बुडाला. "उजवीकडे!" एक बाई ओरडली. "अहो, डावीकडे, डावीकडे!" दुसऱ्या कोणी मुद्दाम ओरडले, आणि मग साऱ्या काठाला तो खेळच सापडला. उजवीकडे, डावीकडे, मागे, पुढे. लहानू त्या आवाजांच्या मागे पाण्यात फिरत राहिला. शेवटी मूठ वर करून तो आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याने मूठ उघडली. तीत तळ घासताना राहून गेलेला विटेचा तुकडा होता.

महादेवराव हसले नाहीत. ते सुसंस्कृत गृहस्थ होते. टॉवेल खांद्यावर घेत ते मारोतरावाला एवढेच म्हणाले, "चला, पुढच्या वर्षी कोणाला कमी करायचं, हा प्रश्न सुटला."

हे लहानूने ऐकले. पाण्याबाहेर यायला शिडी कुठे आहे हे त्याला दिसत नव्हते आणि विचारावे असे काठावर कोणी नव्हते. तो भिंतीला हात लावून तलावाच्या कडेने फिरत राहिला, शिडी लागेपर्यंत.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये लहानू रांगेत उभा राहिला. त्याच्या शेजारी देवाजी येऊन उभा राहिला. वर्षभर तो कन्हानच्या पात्रातली रेती उपसत होता. मारोतरावाने देवाजीकडे बोट केले. लहानूला ते बोट दिसले नाही. पांढऱ्या बुटांचा आवाज जवळ येऊन थांबला, एवढे त्याला कळले, आणि त्याची पावले आपोआप पुढे पडली.

"तुम्ही नाही," देवाजी म्हणाला. "मी."

तो इतकी वर्षे लहानूला 'तू' म्हणत आला होता. लहानूने पाऊल मागे घेतले. देवाजी आत जाताना वळला असे म्हणतात; काही बोलला की नाही, याविषयी रांगेत असलेल्यांच्या आठवणी जुळत नाहीत.

त्यानंतर दर मार्चला लहानू येत राहिला. रांगेत आपली जागा घेई, अंगावर धुतलेला सदरा असे, तोंड फाटकाकडे. नव्याने येणारी पोरे त्याला आधी पहारेकरी समजत. फाटक बंद झाले की तो भिंतीच्या कडेकडेने परत जाई.

सत्त्याहत्तरच्या शेवटी मारोतराव आपल्या मुलाकडे अमरावतीला निघून गेला. १९७८ च्या फेब्रुवारीत मंडळाने पर्यवेक्षकाच्या जागेवर देवाजीची नेमणूक केली. त्या वर्षी मार्चच्या पहिल्या सोमवारी लहानू मेश्राम रांगेत उभा होता. त्याला घेण्यात आले नाही.