चष्मेवाल्यांनी बाजूला व्हा

पेढ्यांचं ताट पडलं तेव्हा आधी आवाज आला. मग कळलं की ते माझ्यामुळे पडलं.

महापेला आमची कंपनी आहे. औषधांच्या खोक्यांवरची लेबलं छापतो आम्ही. माझं काम छापलेलं तपासायचं. त्या दिवशी नव्या मशीनची पूजा होती. मालकांच्या बायको माझ्या डाव्या बाजूने येत होत्या. अख्खी बाई, जरीची साडी, हातात स्टीलचं ताट. मला दिसल्याच नाहीत. मी वळले ती थेट त्यांच्या अंगावर.

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्या जाड काचा लावून पण आंधळीच का गं तू?"

एचआरच्या मॅडमनी लगेच जोडलं, "सर, हिच्या चष्म्याला वायपर बसवून देऊ या."

हॉल हसला. मीही हसले. मालकांच्या विनोदाला हसणं आमच्याकडे पगारात धरलेलं असतं. मग खाली बसून पेढे गोळा केले. उठले तर कुणीतरी म्हणालं, "एक राहिला बघ, डाव्या पायाशी." तोही मला दिसला नव्हता.

चष्म्यावरून बोलणी खायची सवय होती. वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. माझा थोरला भाऊ, दादा, आणि मी, दोघांचे डोळे सारखेच. शाळेत तो ढापण्या, मी ढापणी. दहावीपर्यंत माझा नंबर उणे अकरावर गेला. पुढे स्थळ बघायला आलं, तेव्हा मुलाच्या आईने सांगितलं, "चष्मा काढ आणि आतल्या खोलीपर्यंत चालून दाखव." मी चालून दाखवलं. घर आमचंच होतं, भिंती पाठ होत्या. तरी नकार आला. उद्या नातवंडांचे डोळे असे निघाले तर, ही त्यांची काळजी. अपमान झाला, पण हे डोळे पुढे काय करतील, हा प्रश्न निदान त्या बाईंना तरी पडला होता. डोळ्यांच्या शिबिरांना तो कधीच पडला नाही.

नवी मुंबईत शिबिरांना तोटा नाही. नेत्याचा वाढदिवस असो, मंडळाचा गणपती असो, निवडणूक जवळ आलेली असो, लोकांचे डोळे तपासले जातात. मंडपापेक्षा बॅनर मोठा. बॅनरवर इतके चेहरे की डॉक्टरला जागा उरत नाही. आणि दर वेळी छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता रांगेतून ओरडत जातो, "चष्मेवाल्यांनी बाजूला व्हा! गर्दी करू नका. ज्यांना चष्मा नाय, त्यांच्यासाठी हाय हे."

ते बिनतोड वाटायचं. चष्मा आहे म्हणजे प्रश्न मिटलेला आहे. शाळेत बाजूला झाले. कोपरखैरण्याच्या मंडपात झाले. कंपनीत दर वर्षी झाले. आणि बरं वाटायचं. कटकट वाचली.

पेढे पडल्यानंतर मात्र मी स्वतःवर जरा नजर ठेवली. डाव्या दंडावर निळे डाग होते, दारांच्या चौकटींचे. तुर्भे नाक्यावर डावीकडच्या रिक्षा जमिनीतून उगवल्यासारख्या समोर यायच्या. खांदेश्वरला घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले. त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली. मी वाचली.

"नंबर तोच आहे ताई. डोळे एकदम ओके."

त्याचं काय चुकलं? लेबलावरचा मुंगीएवढा मजकूर मी रोज वाचत होते. समोरचं सगळं शाबूत होतं.

तरी सरकारी रुग्णालयात गेले. तिथे एक डोळा झाकून पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये बघायला लावतात. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची. आजूबाजूला कुठेही प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या डोळ्याची पाळी आली. मी वाट बघत बसले. काहीच चमकेना. शेवटी विचारलं, "भाऊ, मशीन बंद पडलंय का?"

मशीनवरचा माणूस इथल्याच गावातला. हळू आवाजात म्हणाला, "चालू हाय, ताय. तुमी समोर बघत ऱ्हावा."

त्या आवाजावरूनच कळलं. रिपोर्ट नंतर आला.

डॉक्टर तरुण होती. म्हणाली, "काचबिंदू आहे."

सोबत आई होती. तिला हायसं वाटलं. "मग काढून टाका की. आमच्या शेजारणीचा काढला, आता डाळ निवडती ती."

"तो मोतीबिंदू, मावशी. तो काढता येतो. यात डोळ्याची नस मरते. मेलेली नस परत येत नाही."

मग ती माझ्याशी बोलली. मोठा उणे नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा मागे लांब ताणलेला. त्याच्याबरोबर आतला पडदा ताणलेला, नसेचं तोंडही ताणलेलं. अशा डोळ्यांना काचबिंदूचा धोका इतरांपेक्षा जास्त. डोळ्यातला दाब फार वाढलेला असतोच असंही नाही. शिवाय मोठ्या नंबरवाल्यांची नस मुळातच वेडीवाकडी दिसते, त्यामुळे बघणाराही फसतो. दुखत नाही. लाल होत नाही. नजर कडेने जाते, आणि गेलेल्या जागी मेंदू अंदाजाने काहीतरी भरून ठेवतो. माझ्या मेंदूने मालकांच्या बायकोच्या जागी रिकामी भिंत भरली होती. तेवढ्यापुरतं त्याच्या निवडीचं मला कौतुक वाटलं.

"लेझरने नंबर घालवला तर?" मी विचारलं.

"चष्मा जाईल. डोळा लांबचा लांबच राहील. धोका तसाच."

रोज थेंब टाकायचे. आयुष्यभर. गेलेलं आणण्यासाठी नाही, उरलेलं टिकवण्यासाठी. उठताना तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला मोठा नंबर?"

आई माझ्याकडे बघायला लागली. दादाचा नंबर माझ्यापेक्षा मोठा. आणि दादा बाजारातून टेम्पो चालवतो.

दादा रुग्णालयात यायला तयार होईना. "मला सगळं झ्याक दिसतंय की. समोरचं दिसल्याशी कारण. टेम्पो काय आडवा चालतो व्हय?"

"दादा, कडेने कुणी पोर रस्त्यात आलं तर?"

"तुझं झालं म्हणून माझं बी व्हायलाच पायजे का? आन् काय निघालं तर लायसन कोण देणार, तू?"

खरी भीती ती होती. पण कंपनीचं शिबिर जवळ आलं होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं. मोठे डॉक्टर येणार म्हणत होते. तिथे चल, म्हटलं. चहा मिळतो, नाश्ता मिळतो. त्यासाठी तो आला.

आदल्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालकांच्या हस्ते पहिला चष्मा मला द्यायचं ठरलं होतं.

"मॅडम, माझ्याकडे चष्मा आहे."

"अगं, फोटोसाठी. तुझा जाड आहे, उठून दिसेल. असं कर, तो काढून ठेव. स्टेजवर जरा चाचपडत ये. सर स्वतः तुला चष्मा घालतील. व्हिडिओ मस्त येईल."

मी काहीच बोलले नाही. गप्प बसले की होकार धरतात. त्यांनी धरला.

शिबिराच्या दिवशी समई होती, रांगोळी होती, शाल होती, नारळ होता. मालक डोळ्यांच्या महत्त्वावर बोलले. त्यात त्यांचे स्वतःचे वडीलच जास्त वेळ आले. मग माझं नाव पुकारलं. मॅडमनी खालून खूण केली. चष्मा काढ.

तेवढ्यात मागे रांगेत आवाज झाला. "चष्मा आहे ना? मग बाजूला व्हा, काका." वळून पाहिलं तर दादा रांगेतून बाहेर पडत होता. तोंडावर सुटल्याचं हसू. तेच हसू. मंडपामंडपांत माझ्या तोंडावर असलेलं. या हसण्यातून माझ्या डाव्या डोळ्याची कड गेली होती. आता त्याचे डोळे जाणार होते, आणि त्याच्या टेम्पोसमोर येणाऱ्या कुणाचा तरी जीव.

मी चष्मा काढला नाही. स्टेजकडे गेले नाही. दादाचं मनगट धरलं आणि त्याला डॉक्टरच्या टेबलापुढे उभं केलं.

"यांच्या डोळ्यातला दाब मोजा. मागची नस बघा. बहिणीला काचबिंदू आहे, यांचा नंबर मोठा आहे."

डॉक्टर अवघडले. "आम्ही इथे फक्त नंबर काढतो. दाबाचं मशीन आणलेलं नाही."

समई आणली होती.

मी रांगेकडे वळले. मोठ्याने बोलायची सवय नाही, आवाज फाटला. "जाड चष्मेवाल्यांनो, घरी जाऊ नका. तुम्हालाच सगळ्यात आधी तपासायला पाहिजे. इथे तपासत नाहीत. सरकारी रुग्णालयात चला."

मॅडम धावत आल्या. दात आवळून म्हणाल्या, "तुला नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे. त्याला डोळे लागतात."

"आगं, तमाशा नको," दादा पुटपुटला. पण मनगट सोडवलं नाही. आम्ही तिथूनच रुग्णालयात गेलो.

दादाचा उजवा डोळा कडेने पोखरलेला निघाला. डाव्यात सुरुवात. त्याने रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "परवा बाजाराच्या गेटपाशी एक सायकलवाला शिव्या देत गेला. मी म्हटलं, येडा हाय." टेम्पो आता दुसरा माणूस चालवतो. दादा शेजारी बसतो, माल उतरवतो. घरात पैसे कमी येतात. माझ्याशी तो नीट बोलत नाही. थेंब मात्र टाकतो.

मला लेबलांवरून काढून गोदामात टाकलंय. कारण विचारलं, तर म्हणाले, तुझ्या डोळ्यांना आराम.

माझी सुट्टी शुक्रवारी असते. दर शुक्रवारी कंपनीतल्या एका जाड चष्मेवाल्याला घेऊन मी रुग्णालयात जाते. मॅडमनी निरोप पाठवला, लोकांना घाबरवू नकोस. मी घाबरवणार आहे. न घाबरता, न दुखता, हसत हसत माणसं आंधळी होतात, हे मी पाहिलंय. माझं उरलंय ते थेंबांवर टिकेल तेवढं टिकेल. तोवर एकेकाला हाताला धरून नेणार. आणि संपलंच, तर त्यांनी माझा हात धरावा. जाणं थांबणार नाही.