सांध्यावरचा झटका

ही गोष्ट मी घरात कधी काढली नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्या प्रामाणिकपणावर बोलत होते, तेव्हा ती ओठांपर्यंत आली होती — आणि मी मान वाकवून हार घालून घेतला. आज तुम्हाला सांगतो.

मी नरखेडकडचा. घरचे सगळे संत्र्याच्या बागेत राबणारे. कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी., फिजिक्स. त्याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे — तो लपवत नाही. लपवलं ते वेगळंच.

ऐंशीच्या दशकात नागपुरातल्या एका लहान कारखान्यात लागलो. पेशंटचे ठोके दाखवणारे मॉनिटर तिथं बनत. ठोका बिघडला की अलार्म वाजायला हवा. पण बिघडलेला ठोका टेबलावर आणायचा कुठून? त्यासाठी सिग्नल जनरेटर होता. दवाखान्यातून आलेल्या ईसीजीच्या पट्टीवरची रेघ भिंगाखाली मोजायची, एकेका बिंदूची उंची कॉम्प्युटरवर आकड्यांत टाकायची, आणि ती फाइल केबलने जनरेटरमध्ये भरायची. मग जनरेटर तीच रेघ विजेत पुन्हापुन्हा काढत राहायचा — जणू तो पेशंटच तारेच्या टोकाला निजलाय. हे काम तिथं मीच सुरू केलं. साहेब पाहुण्यांपुढे मला 'आमचा फाइलवाला' म्हणत. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

दवाखान्याचे डॉक्टर पाहायला आले, माझी फाइल चालली, अलार्म खणखणीत वाजला. ऑर्डर मिळाली.

मेश्रामबाई माझ्या हाताखाली होत्या. डिप्लोमा झालेल्या, त्यांच्या घरातही शिकलेल्या त्या पहिल्याच. हे मला ठाऊक होतं — ठाऊक नसतं तर काही फरक पडला असता का? डॉक्टर जाऊन एक-दोन दिवस झाले असतील. सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्याकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, अलार्म ठोक्यावर नाही वाजून राहिला. तुमच्या सांध्यावर वाजून राहिला."

माझ्या फाइलीचा शेवटचा आकडा पहिल्याशी जुळत नव्हता. रेघ संपून पुन्हा सुरू होताना दर वेळी एक झटका बसायचा. तो झटका कुठल्याच पेशंटच्या छातीतला नव्हता. माझ्या फाइलीतला होता. मॉनिटर त्यालाच ओरडत होता. बाईंनी सांधा नीट जुळवून नवी फाइल भरली. ठोका तसाच बिघडलेला, आणि अलार्म गप्प. म्हणजे खरा बिघाड मॉनिटरला ओळखूच येत नव्हता.

"साहेबांले तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "फाइल तुमची आहे. मी सांगणं बरं नाही दिसत."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. आज, उद्या — शेवटी बाईच गेल्या. साहेबांनी दोघांना बोलावलं आणि मला विचारलं, कोणाची फाइल खरी धरायची?

झटका मी पाहिला होता. तो काय आहे हे मला कळलं होतं का? कळलं होतं. पूर्ण कळलं होतं.

"बाई नवीन आहेत सर," मी म्हणालो. "आकडे भरताना चुकल्या असतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. साहेबांनी त्यांना तपासणीवरून काढून पॅकिंगला टाकलं.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण गोष्ट इथं संपत नाही. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी माझी फाइल काढली, माझ्या हातानं सांधा जुळवला आणि जनरेटरमध्ये भरली. अलार्म वाजला नाही. पुन्हा भरली. नाहीच. मग केबल गुंडाळली, डबा उघडला — आणि जेवलो.

मॉनिटर रवाना व्हायचे होते. तपासून पास झाल्याची चिठ्ठी प्रत्येक खोक्यात जायची, तिच्यावर सही माझी लागायची. त्या खाटांशेजारी पुढे कोण निजलं, कोणासाठी अलार्म गप्प राहिला, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

चिठ्ठ्या घेऊन मेश्रामबाईच आल्या. हाताला खोक्यांचा भुसा लागलेला. चिठ्ठ्या टेबलावर ठेवून त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता. वाट पाहणं होतं.

"करून राहिले ना सही, भाऊ?"

मी पेनाचं टोपण काढलं. सगळ्यांवर केली.