कावीळ उतरवणारी कौशल्याबाई

पालीच्या कौशल्याबाईकडं रविवारी सकाळी पिवळ्या डोळ्यांची माणसं यायची. घराला लागून असलेल्या बांधावरचा भुईआवळा ती मुळासकट उपटून आणायची, पाट्यावर वाटायची अन् ताकातून पाजायची. ही विद्या सासूकडून आलेली. बहुतेकांना गुण यायचा. बऱ्याच काविळी आपल्या आपणच उतरतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

श्रावणात तिची सून मनिषा पिवळी पडली. सातवा महिना चालू होता. पोरगा रामेश्वर म्हणाला, "आई, हिला बीडला दवाखान्यात नेतो."

"गावाची कावीळ मी उतरवती, अन् घरची न्हाई उतरायची व्हय?" कौशल्याबाई हसली.

मनिषाही म्हणाली, "आत्याबाईंच्या हाताला गुण हाय. कशाला उगं हेलपाटा?"

तोंड वाकडं न करता ती रोज पेला रिकामा करायची. मग एका दुपारी ती भलतंच बडबडू लागली. सासूलाच विचारलं, "तुमी कोण?" रामेश्वरनं जीप आणली. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "पोटुशी बाईला कावीळ झाली की लगेच आणायचं असतं हो." आधी बाळ गेलं, मग मनिषा.

कौशल्याबाईला गावात कुणी बोल लावला नाही. रामेश्वर तर बोलायचाच बंद झाला. तिनं ताट वाढलं की तो उठून जायचा.

माणसं येतच राहिली. ती दारातूनच हात जोडायची, "दवाखान्यात जावा." एका रविवारी नांदूरघाटचा त्रिंबक पिवळ्या पडलेल्या गरोदर बायकोला मोटारसायकलवर घेऊन आला.

"बाई, मी नांदूरघाटचा त्रिंबक. लई लांबून आलोय. न्हाई म्हणू नका."

"माझी सून गेली ह्या पाल्याच्या भरवशावर. हिला आत्ताच्या आत्ता बीडला न्या. थांबा, मी येती संगं."

ती पिशवी घ्यायला आत वळली, तेवढ्यात त्रिंबकनं बांधावरचा भुईआवळा ओरबाडला, रुमालात बांधला अन् गाडीला किक मारली. कौशल्याबाई सडकेपर्यंत धावली. "टाक रे ते! तिला पाजू नको!" गाडी वळणाआड गेली.

धापा टाकत ती परतली. ओट्यावर बसलेल्या रामेश्वरनं विचारलं, "त्याचा नंबर घेतलास का?" सून गेल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता.

"न्हाई रं."

"मग झालं," म्हणून तो आत गेला.

त्या बाईचं पुढं काय झालं, ते कळलं नाही. नांदूरघाटचं कुणी भेटलं की कौशल्याबाई अजून विचारते. त्रिंबक नावाचे तिथं बरेच आहेत.